केबल बंत

अण्णा, केबलवाला इस्माईल आज सकाळी दारात येऊन उभा राहिला. एक पाय आत, एक बाहेर, चप्पल काढावी का न्हाई ह्याच घोळात. तुझ्या फोटोकडं बघून त्यानं मान खाली घातली आणि मग हळूच मला विचारलं, "अक्का, महिना पूरा हो रा. खेल का पॅक चालू रखनेका, क्या बंद करनेका?"

वैनी आतनं म्हणल्या, "तिलाच विचार बाबा. तिच्या अण्णाचं हाय ते."

संध्याकाळी ये, सांगते, म्हणलं मी. तो गेला. तवापासून मी त्या टीव्हीसमोर बसून हाय आणि एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. ठेवायचं का बंद करायचं. मैलूरमधल्या निम्म्या बायांची ब्लाउजं मी शिवते, भारीतल्या भारी कापडाला कात्री लावताना माझा हात अडत न्हाई. हितं अडलाय.

थकले रे मी. रडून थकले असं न्हाई, रडायला सवड कुठं मिळायली. सांगून थकले. जो येतो तो विचारतो, कसं झालं, आधी काही दुखत होतं का, कलबुर्गीला नेलं न्हाई का. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि प्रत्येकानं ऐकून घेतल्यावर आपल्या कुठल्या तरी मामाचं सांगायचं. कपबशा धुवून थकले. माझं मैलूर ते आपलं राजेश्वर, राजेश्वर ते मैलूर, मधी हुमनाबादला बस बदलायची, त्यानं थकले. पण एवढं सगळं सांगताना एक गोष्ट मी वैनीशिवाय कुणाला सांगितली न्हाई. ती तुला सांगायची हाय. तुझ्या-माझ्यातलीच हाय ती.

तू मला माझ्या नावानं कधी हाक मारलीस का, मला आठवत न्हाई. तंगी म्हणायचास. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात हे गावाला ठाऊक होतं, पण आपल्या घरात मराठी, आणि आई तर निलंग्याकडची, तिला कन्नडचं अक्षर येत न्हवतं. तू दारातनंच वरडायचास, "तंगी आली गं, तंगी आली, आता घरात काय उरायचं न्हाई!" आई चिडायची. "लक्ष्मी म्हण की मेल्या, तंगी काय म्हणतोस!" आणि तू आणखीनच वरडायचास.

खरं कन्नड आपल्या घरात आलं ते वैनीसंगं. आळंदकडच्या त्या. लग्नानंतरची पहिली पंचमी होती, त्यांचा भाऊ त्यांना माहेरी न्यायला आला. वैनी अंगणात होत्या. त्यांनी लांबनं भावाला बघितलं आणि आनंदानं वरडत आत पळाल्या, "अण्णा बंद! अण्णा बंद!" त्यांच्या भाषेत अण्णा आला. तू तवा कबड्डीत खांदा उखळून, अंगात ताप घेऊन आतल्या खोलीत पडला होतास. आईनं तव्यावरची भाकरी तशीच टाकली, पिठाच्या हातानं धावत आली, तुझ्या छातीवर हात ठेवून तुला गदागदा हलवलं. तू डोळे चोळत उठून बसलास, "काय झालं?" तिनं तुझ्या गालावर पिठाची पाची बोटं उठवली. "काय झालं म्हणतोस! ती बंद बंद काय म्हणायली मग?"

बिचाऱ्या वैनी. दोन दिवस कुणाकडं मान वर करून बघितलं न्हाई त्यांनी. पण तवापासून ती आपल्या घराची कायमची थट्टा झाली. तू डाळमिलीतनं उशिरा आलास की मी दारातनं वरडायची, "अण्णा बंद!" आई म्हणायची, अभद्र बोलू नगंस. मी सासरहून आले की तू वरडायचास, "तंगी बंदळू!" तंगी आली, असं. पन्नास पावलांवरनं गल्लीला कळायचं मी आलेली.

खेळाचं येड मला लावलंस ते तूच. यात्रेतल्या कबड्डीत तू गावाकडनं खेळायचास आणि मी तुझा सदरा धरून बायकांत उभी. घरी आल्यावर खळ्यावर मला शिकवायचास. "गुडघा न्हाई तंगी, घोटा धर. गुडघा सुटतोय. घोटा धरला की गडी जात न्हाई." मी खरंच धरला एकदा. तू लाथ झाडलीस आणि माझ्या पुढच्या दाताचा तुकडा उडाला. मला बघायला पाव्हणे आले तवा तू त्यांना सांगितलंस, लहानपणी पायरीवर पडली हो. माझ्या नवऱ्याला तो मरेपर्यंत खरं कळलं न्हाई. सांगायची न्हाई अशी तू शप्पथ घातली होतीस.

खेळायचं वय सरलं आणि तू बघणारा झालास. पण कुठं बघणार? बस स्टँडवरच्या हॉटेलात एक टीव्ही होता. एक सामना बघायला तीन चहा प्यावे लागायचे. न्हाई प्यायला तर मालक तुझ्या बाकाखालीच झाडू मारायला घ्यायचा. ऐन रंगात आलेलं असताना कुणीतरी म्हणायचं, पिच्चर लाव की, आणि तो लावायचा. तू येऊन मला फोनवर सांगायचास, "शेवटची चढाई होती गं तंगी, एक गुण हवा होता, आणि त्या भाड्यानं गाणं लावलं!" मग फुकटची डिश आली, तिच्यावर क्रिकेट तरी दिसायला लागलं. कबड्डीची लीग दिसत न्हवती. ती केबलवर. दरवर्षी लीग सुरू व्हायच्या आधी तुझा फोन ठरलेला. "औंदा घ्यावं म्हणतो कनेक्शन. तुला काय वाटतंय?" मी म्हणायची, घे की. मग तूच सुरू करायचास. न्हाई गं, दोन-तीन महिन्यांचा तर खेळ. बाकीचं वर्षभर त्या डब्यात काय बघायचं, सासू-सुनांची भांडणं? ती गल्लीत फुकट हायत. पुढच्या वर्षी बघू. असा तू किती वर्षं विचार करत बसलास, मोजायची सोय न्हाई. तुझ्यासारखा हावरा बघणारा मी बघितला न्हाई आणि तुझ्यासारखा चेंगट बी.

मोबाईलवर बघ, म्हणलं होतं मी. "एवढ्याशा काचेत गडी मुंगीएवढा," म्हणलास. "कुणाचा घोटा आन कुणाचा गुडघा, काय कळंना."

आणि मग ह्या दिवाळीला मी आले तर तू म्हणलास, "कनेक्शन घ्यायलोय." विचारलं न्हाईस. सांगितलंस.

मला राग आला. तुझे पाय सुजले होते. मी चहा घेताना बघत होते, विजारीच्या खाली घोटा दिसतच न्हवता, सगळं एक झालं होतं. कलबुर्गीच्या डॉक्टरनं तपासण्या लिहून दिलेल्या, तो कागद देव्हाऱ्याखाली तसाच. मी म्हणलं, "कामून? आधी डॉक्टरनं सांगितलेलं कर की. खेळ काय पळून जायलाय?"

"खेळ न्हाई, मी जायलोय," तू म्हणलास, आणि हसलास.

"हे असलं बोलू नगंस."

"आयुष्यभर दुसऱ्याच्या बाकावर बसून बघितलं तंगी. आता माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून बघणार. आन तुला बी शेजारी बसवणार."

"मग बस बसूनच," म्हणलं मी. चहा अर्धा ठेवून उठले. पिशवी उचलली. तू दारापर्यंत आलास, धापा टाकत. म्हणलास, "घेतलं की एक फोन करीन. फायनलला यायचं तर ये, न्हाई तर बस रुसून." मी मागं बघितलं न्हाई. हे बघ, मी तशीच हाय, तुला ठाऊक हाय. पण बसमध्ये बसल्यावर मी वैनीला फोन करून विचारलं होतं की त्याची दुपारची गोळी झाली का. ते तुला त्यांनी सांगितलं का न्हाई कुणास ठाऊक.

मग तुझा फोन आला. गुरुवारी दुपारी. लग्नाची ब्लाउजं होती, एका घरची अकरा, शुक्रवारी द्यायची. मशीन चालू होतं. मी खांदा आणि कानाच्या मधी फोन धरला आणि पाय तसाच पायटीवर. तू म्हणलास, "तंगी, केबल बंत!"

बंत. कन्नडमध्ये आलं. केबल आली.

मी ऐकलं, केबल बंद.

त आणि द. एवढाच फरक, आणि त्याच्यावरनं माझं मशीन खडखडत गेलं. मला वाटलं, तू ऐकलंस माझं. रद्द केलंस. मी म्हणलं, "बरं झालं अण्णा. लई बरं झालं."

तू हसलास. मला वाटलं हरल्यावर हसतो तसा हसायलास.

"मग?" तू विचारलंस.

"मग काय. गोळ्या घे येळेवर."

"घेतो, घेतो," म्हणलास आणि ठेवलास. तू फोनवर कधी जास्त बोलायचा न्हाईस. मी बी बाही जोडायला घेतली.

रविवारी संध्याकाळी माझ्या शेजारच्या घरात फायनल लागली होती. भिंतीपलीकडनं दम लावल्याचा आवाज, पोरांचा गलका. मी उठून खिडकी लावली. माझ्या अण्णाला बघायला मिळत न्हाई तर मी कामून ऐकू, असं वाटलं मला. खरंच सांगते, मी तुझ्या बाजूनं खिडकी लावली.

मंगळवारी सकाळी वैनीचा फोन आला. मी गल्लीत शिरले तर तंगी बंदळू कुणी म्हणलं न्हाई. गल्ली भरलेली होती आणि सगळे बाजूला सरकून मला वाट द्यायला लागले. आपल्या लिंगायत रीतीनं तुला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर इबती, गळ्यात हार. सामना बघायला बसलायस तसा. सगळे पाया पडायले होते. मी बी वाकले आणि कपाळ टेकवायचं सोडून तुझा घोटा धरला. दोन्ही हातांनी, तू शिकवलेला तसा. बायका मला उचलायला लागल्या तरी सोडला न्हाई. घोटा धरला की गडी जात न्हाई म्हणायचास. खोटं बोललास अण्णा. मग त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

शेतात खड्ड्यात बी तुला बसवूनच ठेवलं. स्वामी मंतर म्हणायले होते आणि माझ्या डोक्यात माझंच वाक्य फिरत होतं. मग बस बसूनच. मग बस बसूनच. कुणाच्या तोंडून असं काही निघू नये. ते मी तुला चिडून म्हणलं होतं, मनातनं न्हाई, एवढं तरी तुला कळलं असंल असं धरून चालले होते.

त्याच्यापुढचं मला दिवसकार्याची गणाराधना झाल्यावर कळलं. पाव्हणे गेले होते. मी आणि वैनी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. वैनी म्हणल्या, "एक विचारू? फायनलला का आली न्हाईस तू?"

"कुठल्या फायनलला?"

"तुझा अण्णा दोन खुर्च्या टाकून बसला होता की. एक शेजाऱ्याची आणली. फुटाणे भाजून घेतले माझ्याकडनं. मला म्हणला, आवाज कमी कर, बसचा हॉर्न ऐकू येईना."

माझ्या हातात परात होती, तशीच राहिली. "पण वैनी, केबल तर बंद केली म्हणला तो."

"बंद?" वैनी माझ्याकडं बघत राहिल्या. "बंत म्हणला तो. मी तिथंच उभी होते. बंत म्हणला, आणि तू बरं झालं म्हणलीस. सगळ्या गल्लीला सांगून आला, तंगी येणार म्हणून."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मी मागितलं न्हवतं, पण त्या थांबल्या न्हाईत, आणि मला बी थांबवता आलं न्हाई. पहिला डाव संपला तवा तू दारात जाऊन आलास. म्हणलास, हुमनाबादला बस चुकली असंल. दुसरा डाव सुरू झाला, तू उभा राहूनच बघितलास, एक डोळा टीव्हीवर, एक रस्त्यावर. संपल्यावर फुटाणे डब्यात भरून ठेवायला सांगितलेस. आणि म्हणलास, "रुसलीय. तोंडावर बरं झालं म्हणली, पण मनातनं रुसलीय." वैनी म्हणल्या, फोन करून विचार की. तर तू म्हणलास, "नको. रुसू दे. तिनं रुसावं असं माझ्याशिवाय तिला हाय कोण आता."

अण्णा, एवढं बोलून तू दोन दिवसांनी गेलास. मी रुसलीय असं समजून गेलास.

वैनीला मी मशीनचं सांगितलं. त आणि द चं सांगितलं.  मग त्यांच्या तोंडातनं असला आवाज आला की मला वाटलं रडायल्या. हसत होत्या. "अण्णा बंद," त्या म्हणल्या, "आई गं, पिठाचे हात..." आणि मला बी हसू फुटलं, परात खाली पडली, दोघी राखेच्या हातांनी तोंड झाकून हसायला लागलो. मग हसता हसता त्यांचं रडणं सुरू झालं ते थांबंना. "माझ्या भाषेनं घात केला," म्हणायल्या. मी म्हणलं, "न्हाई वैनी, तुमच्या भाषेनं न्हाई. माझ्या मशीननं केला." त्यांना हे पटलं का न्हाई, ठाऊक न्हाई.

पण तुला खरं सांगू? मशीनचं बी अर्धंच खरं हाय. मला बंदच ऐकायचं होतं, म्हणून बंद ऐकू आलं. मी जिंकले असं मला ऐकायचं होतं. न्हाई तर पायटीवरनं एक पाय उचलायला किती वेळ लागतो? "काय म्हणलास?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? ब्लाउजं शुक्रवारी द्यायची ती दिली मी. त्या लग्नघरच्या बाईनं घालून बघितली न्हाईत अजून.

तर आता हा इस्माईल. दुपारभर मी विचार करायली. तुझ्यासारखाच. वैनी खेळ बघत न्हाईत, त्यांना गडी कुठल्या बाजूचा ते कळत न्हाई. मी मैलूरला. लीग संपलेली. बाकीचं वर्षभर त्या डब्यात सासू-सुनांची भांडणं. शहाणं माणूस काय करंल? बंद करंल. मी बी सगळा जन्म शहाण्यासारखंच बोलत आले. तुझा खांदा उखळला तवा मी म्हणलं, खेळ बंद कर. छातीत डाळीची धूळ जायली तवा म्हणलं, मिल बंद कर. तू एकच गोष्ट स्वतःसाठी चालू केलीस, तर तिला बी मी बंदच ऐकलं. डॉक्टरचं मी बरोबरच सांगत होते, ते आता बी म्हणीन. तपासण्या करायला पायजे होत्या तू. त्याच्यावर आपलं भांडण संपलेलं न्हाई, आणि तू आता असा गप्प बसलायस की भांडायची सोय न्हाई.

पण खुर्चीचं तुझं बरोबर होतं. ते मी कबूल करते. आपल्या घरात आपल्या खुर्चीत बसून बघायला तुला चार-पाच दिवस मिळाले, तो पॅक नसता तर तेवढे बी मिळाले नसते.

इस्माईल दिवेलागणीला आला. ह्या वेळी चप्पल काढून आत आला.

"बोलो अक्का. बंद करू?"

"नक्को," म्हणलं मी. "चालू ठिव."

"किसके नाम पे रखू?"

"हाय त्याच्याच नावावर राहू दे. मी महिन्याला येत जाईन."  इस्माईल जाताना तुझ्या फोटोला हात लावून तो हात छातीला लावून गेला.

शेजाऱ्यांची खुर्ची अजून आपल्याकडंच हाय, मागायला त्यांना जीव झाला नसंल. ती मी तुझ्या खुर्चीच्या बाजूला टाकली. वैनीनं तो फुटाण्याचा डबा काढून दिला, मऊ पडलेत. रिमोट दाबला. तो डबा चालू व्हायला वेळ घेतो, तुला ठाऊक असंल, काळी काच आणि मधी एक गोल फिरत राहतं. कुठला तरी जुना सामना लागला असंल तर बघू, म्हणून मी बसले.

वैनी चुलीपासनं वरडल्या, "बंतेन?"

आलं का, असं विचारलं त्यांनी. घरात मशीन न्हवतं. गल्लीत आवाज न्हवता. मी पाय जमिनीला टेकवून, दोन्ही कान देऊन ऐकलं. त होता. स्वच्छ त होता.

"बंत, वैनी," म्हणलं मी. "बंत. या तुम्ही बी."

काचेवर मैदान आलं, गडी दिसायला लागले, चांगले मोठे, कुणाचा घोटा आणि कुणाचा गुडघा सगळं दिसायलंय. मी शेजारच्याच खुर्चीत हाय. मी रुसले न्हवते रे अण्णा. मला ऐकू आलं न्हाई.